हलकी गाडी, मोठे इंजिन : एका अपुऱ्या हिशेबाची चिकित्सा

रूढ समज आणि प्रतिपादन

स्वस्त, लहान आणि वजनाने हलक्या मोटारीतील मूळ इंजिन उतरवून त्या जागी अधिक शक्तीचे इंजिन बसवणे, ज्याला गॅरेजच्या भाषेत इंजिन स्वॅप म्हणतात, हा मोटारींच्या शौकिनांचा जुना आणि अनेक देशांत रुजलेला उद्योग आहे. अमेरिकेत होंडा सिव्हिकच्या लहान हॅचबॅकमध्ये इंटेग्राचे इंजिन बसवले गेले, तर भारतात मारुती 800 आणि झेन या गाड्यांत एस्टीमचे 1298 सीसीचे इंजिन बसवण्याचे प्रयोग झाले. या सर्वांमागचा युक्तिवाद सारखाच असतो. गाडीच्या शक्तीला तिच्या वजनाने भागले की तिची चपळाई कळते. वजन मुळातच कमी असल्याने शक्ती तेवढी वाढवली की महागड्या गाडीचा वेग थोडक्या पैशांत मिळतो. आणि मग खरा प्रश्न उरतो तो नवे इंजिन बॉनेटखाली मावते की नाही आणि त्याची माउंटिंग जुळतात की नाही, एवढाच.

या युक्तिवादातील भागाकार बरोबर आहे, मात्र त्याने काढलेला निष्कर्ष उथळ आहे. हलक्या गाडीचा हलकेपणा हा बहुतांशी तिच्या लहान इंजिनाचाच परिणाम असतो आणि म्हणून तो त्या इंजिनापासून सुटा करून दुसऱ्या इंजिनाच्या खात्यावर जमा करता येत नाही, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. इंजिन बदलणे म्हणजे एक भाग बदलणे नव्हे, तर ब्रेक, टायर, गिअरबॉक्स, सांगाडा आणि रेडिएटर यांचा परस्परांशी बसवलेला हिशेब मोडणे होय. तो हिशेब पुन्हा पूर्णपणे मांडला गेला, तर इंजिन स्वॅप हे यंत्रविद्येचे उत्तम शिक्षण ठरते; अर्धा मांडला गेला, तर रस्त्यावरील तिऱ्हाइताच्या जिवाशी केलेला खेळ ठरतो. या उद्योगाला सरसकट उडाणटप्पूपणा म्हणून झटकून टाकणारेही तितकाच उथळ विचार करतात, याची चर्चा पुढे येईल.

पहिला टप्पा : हलकेपणा येतो कोठून

डिसेंबर 1983 मध्ये भारतीय रस्त्यावर आलेली मारुती 800 हे या विचारासाठी सर्वांत सोयीचे उदाहरण आहे, कारण तिच्यात काटकसर हा नंतर चढवलेला मुलामा नसून रचनेचे मूलतत्त्व होते. 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, सुमारे 37 अश्वशक्ती, सुमारे 650 किलो वजन आणि 12 इंची चाके, हे आकडे वेगवेगळे ठरवलेले नाहीत. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरत्या दांड्याला पीळ देणारा जोर, कमी असल्यामुळे गिअरची चाके अरुंद ठेवता आली आणि चाकांपर्यंत शक्ती नेणारे ड्राइव्ह शाफ्ट बारीक ठेवता आले. वेग मर्यादित असल्यामुळे ब्रेक लहान चालले, ब्रेक लहान असल्यामुळे चाके लहान चालली, चाके लहान असल्यामुळे त्यांना धरणारे सस्पेन्शनचे हात आणि ते हात जिथे बोल्टने कसले जातात तो पत्रा पातळ चालला. आणि या साऱ्यातून जे वजन वाचले, त्यामुळेच ती गाडी ओढायला लहान इंजिन पुरेसे पडले. रचनाकार या वर्तुळाभोवती अनेक फेऱ्या मारतो आणि प्रत्येक फेरीत थोडे वजन गळते.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. 37 अश्वशक्तीच्या जागी नंतरच्या एस्टीमची 85 अश्वशक्ती आणली, आणि त्यापायी वजन तीसेक किलोने वाढले असे धरले, तर दर टनामागील शक्ती सुमारे 57 वरून 125 वर जाते, असे कागदावर दिसते. परंतु या भागाकारातील छेद अंशावर अवलंबून आहे. स्वतः एस्टीम ही मारुती 800 पेक्षा सुमारे 200 किलोने जड होती, आणि त्या जादा वजनाचा काही भाग लांब बॉडी व डिकीचा असला, तरी काही भाग मोठ्या इंजिनाला साजेशा ब्रेकचा, चाकांचा आणि बळकट सांगाड्याचाही होता. केवळ इंजिन उचलून आणणारा माणूस त्या गाडीची शक्ती घेतो आणि त्या शक्तीने मागितलेले वजन मागे ठेवून येतो. 125 हा आकडा त्या मागे ठेवलेल्या वजनातून तयार झालेला असतो.

दुसरा टप्पा : वेगाचा वर्ग आणि ब्रेकचे तापमान

धावत्या गाडीत साठलेली ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा शालेय पदार्थविज्ञानातील नियम येथे निर्णायक आहे. चालक आणि एखादा प्रवासी धरून 800 किलो वजनाची गाडी ताशी 80 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात जवळजवळ 198 किलोज्यूल ऊर्जा असते. तीच गाडी 120 वर गेली की हा आकडा 444 किलोज्यूल होतो, म्हणजे सव्वादोन पट. आणि 140 वर 605, म्हणजे तिपटीहून थोडा अधिक. गाडी थांबवायची तर ही सर्व ऊर्जा मुख्यतः ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ती साठवून हवेत सोडण्याची ब्रेकची क्षमता लोखंडाच्या वस्तुमानावर आणि त्याला लागणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून असते. इंजिन बदलल्याने त्यात ग्रॅमभराची भर पडत नाही.

पहिल्यांदा ब्रेक दाबला की गाडी थांबते, आणि येथेच फसगत होते, कारण एकदा थांबलेली गाडी पाहून ब्रेक पुरेसे आहेत असा ग्रह होतो. खरी परीक्षा लागोपाठच्या चौथ्या किंवा पाचव्या वापराची असते. पॅड आणि लायनर एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांचे घर्षण घटते, याला ब्रेक फेड म्हणतात. मागच्या चाकांवरील ड्रम ब्रेकमध्ये लायनर बंद भांड्यात असल्याने उष्णता बाहेर पडायला वाट कमी मिळते, शिवाय तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो आणि पेडल अधिक खोल जाते. ब्रेक ऑइल जुने असेल तर त्यात मुरलेले पाणी उकळते, त्याची वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकूनही चाकापर्यंत जोर पोहोचत नाही. घाटाच्या उतारावर हे सारे एकदम घडते.

येथे एक उलट बाजूही नोंदवली पाहिजे. हवेच्या विरोधावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून शक्ती दुप्पट केल्याने कमाल वेग सुमारे 26 टक्क्यांनीच वाढतो. यावरून काही जण धोका तेवढाच वाढतो असे म्हणतात. पण रस्त्यावरची गाडी क्वचितच कमाल वेगाने धावते. मोठ्या इंजिनाने खरा फरक पडतो तो दोन वळणांमधील अंतरात, जिथे जुनी गाडी 70 पर्यंत पोहोचत असे तिथे नवी 100 पर्यंत पोहोचते आणि प्रत्येक वळणाआधी ब्रेककडे दुप्पट ऊर्जा सोपवते. कमाल वेग थोडा वाढतो, ब्रेकचे दैनंदिन काम मात्र कितीतरी अधिक वाढते.

तिसरा टप्पा : टायरची पकड

शक्ती गाडीला ढकलते ती टायरच्या तळहाताएवढ्या स्पर्शभागातून. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत वेग घेताना भार मागे सरकतो, म्हणजे ज्या चाकांना ओढायचे आहे त्यांच्यावरचाच भार नेमक्या वेळी घटतो. हिशेबापुरते असे धरावे की गाडीचे 60 टक्के वजन पुढे आहे, टायरचा घर्षणांक 0.8 आहे, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटर उंचीवर आहे आणि दोन आसांमधील अंतर मारुती 800 प्रमाणे 2175 मिलिमीटर आहे. या गृहीतांवर गाडीला मिळू शकणारा कमाल प्रवेग गुरुत्वाच्या सुमारे 0.4 पट येतो, आणि 800 किलोच्या गाडीला ताशी 40 किलोमीटर वेगावर तो गाठायला चाकांपाशी 48 अश्वशक्ती पुरते. त्यापुढची शक्ती त्या वेगाला चाके जागच्या जागी फिरवण्यात जाते. पावसाळ्यात ओल्या डांबरावर तर ही मर्यादा आणखी खाली येते.

याच टप्प्यावर आणखी एक दोष डोके वर काढतो. आडव्या बसवलेल्या इंजिनात गिअरबॉक्स एका बाजूला असल्याने दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची लांबी सहसा असमान असते. जोर वाढला की दोन्ही चाकांवरील ओढ सारखी राहत नाही आणि स्टिअरिंग आपोआप एका बाजूला खेचले जाते. 37 अश्वशक्तीला ही ओढ हाताला जाणवतही नाही. दुप्पट जोराला ती ओव्हरटेक करतानाच्या नेमक्या क्षणी जाणवते.

चौथा टप्पा : झीज, उष्णता आणि धडक

बॉल बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा यंत्ररचनेतील रूढ नियम आहे. भार दुप्पट झाला की आयुष्य निम्मे नव्हे, तर आठवा हिस्सा उरते. मारुती 800 च्या इंजिनाचा टॉर्क सुमारे 59 न्यूटन-मीटर होता, तर एस्टीमचा 100 च्या वर. जुनाच गिअरबॉक्स ठेवला तर तो पहिल्या दिवशी तुटत नाही, म्हणून बसवणाऱ्याला आपण जिंकलो असे वाटते. त्याची बेअरिंगे आणि दाते मात्र त्या दिवसापासून वेगळ्या वेळापत्रकाने झिजू लागतात. इंजिनाबरोबर त्याचाच गिअरबॉक्स आणणारे फिटर हे जाणतात आणि ते योग्यच करतात.

रेडिएटरचे गणित सरळ आहे : जाळलेल्या इंधनातील उष्णतेचा मोठा वाटा पाण्यावाटे बाहेर पडतो, इंधन अधिक जळले तर पाण्याला अधिक थंड व्हावे लागते, आणि लहान गाडीच्या जाळीमागे मोठ्या रेडिएटरला जागा नसते. वायरिंगचा प्रश्न कार्ब्युरेटरच्या काळात किरकोळ होता. आता इंजिनाचा संगणक, चावीतील इमोबिलायझर आणि एबीएस एकमेकांशी सतत बोलत असतात, आणि त्यांपैकी एकाचा सूर बदलला की बाकीचे काम नाकारतात.

धडकेचा विचार सर्वांत कमी केला जातो. समोरून आदळताना गाडीचा पुढचा पत्रा ठरावीक रीतीने चुरगळत जाऊन ऊर्जा गिळतो. इंजिन मात्र चुरगळत नाही. ते आकाराने वाढले तर चुरगळायला उरणारी लांबी तेवढी घटते आणि इंजिन लवकर प्रवासीकक्षाच्या भिंतीला टेकते. मूळ गाडीतच ही लांबी जेमतेम होती, आणि वेगाच्या वर्गाने वाढलेली ऊर्जा आता त्याहून तोकड्या लांबीत गिळायची असते.

कारखान्यांनी हेच काम कसे केले

या प्रतिपादनाचा सर्वांत भक्कम पुरावा कारखान्यांच्या स्वतःच्या इतिहासात आहे. 1959 ची ब्रिटिश मिनी 848 सीसी आणि 34 अश्वशक्तीची होती. रेसिंग गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या आग्रहातून 1961 मध्ये मिनी कूपर आली, तेव्हा इंजिन 997 सीसी आणि 55 अश्वशक्तीचे झाले. पण त्याच गाडीत पुढच्या चाकांना ड्रमऐवजी 7 इंची डिस्क ब्रेक आले आणि गिअरची प्रमाणेही बदलली. 1963 मध्ये कूपर एसचे 1071 सीसीचे, 70 अश्वशक्तीचे इंजिन आले, तेव्हा डिस्क पुन्हा मोठ्या झाल्या आणि ब्रेकला सर्व्होची जोड मिळाली. शक्तीच्या प्रत्येक पायरीला ब्रेकची एक पायरी जोडलेली होती. 1964, 1965 आणि 1967 या वर्षांत मिनीने माँटे कार्लो रॅली जिंकली. बर्फाळ घाटांतील त्या शर्यतीत थांबता न येणारी गाडी जिंकूच शकली नसती.

दुसरे उदाहरण सुझुकीचे. तिची कल्टस ही लहान गाडी उत्तर अमेरिकेत जिओ मेट्रो या नावाने तीन सिलिंडरचे, एक लिटरचे, सुमारे 55 अश्वशक्तीचे इंजिन आणि 12 इंची चाके घेऊन विकली गेली. तीच बॉडी स्विफ्ट जीटीआय म्हणून आली तेव्हा 1.3 लिटरच्या 16 व्हॉल्व्हच्या इंजिनातून सुमारे 100 अश्वशक्ती मिळत होती. आणि त्या गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक, 14 इंची चाके व अधिक कडक सस्पेन्शन होते. मेट्रोत जीटीआयचे इंजिन बसवणे अमेरिकी शौकिनांना सोपे गेले, कारण दोन्ही इंजिने एकाच मालिकेतील आणि बॉडीही एकाच घराण्यातील होती. आपल्याकडे झेन आणि एस्टीम यांची इंजिनेही त्याच जी मालिकेतील असल्याने तो स्वॅप तुलनेने सुकर ठरला, आणि त्या मालिकेचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने पुढचा भाग फारसा जडही झाला नाही. परंतु बोल्ट जुळणे आणि हिशेब जुळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्याने जीटीआयचे इंजिन घेतले आणि ब्रेक व चाके मेट्रोची ठेवली, त्याने सुझुकीच्या अभियंत्यांच्या उत्तरातील एकच ओळ उतरवून घेतली.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप असा की, प्रत्येक निर्माता सुरक्षिततेची गंगाजळी ठेवतो. भाग लागतो त्यापेक्षा बळकट बनवलेला असतो, मग ती जादा ताकद वापरली तर बिघडले कुठे? ही गंगाजळी खरी आहे, पण ती रिकामी पडलेली नसते. चार आसनांच्या गाडीत सहा माणसे आणि टपावर सामान, खड्ड्यात आदळलेले चाक, धातूची एखादी कमी प्रतीची खेप, दहा पावसाळ्यांनी खाल्लेला पत्रा, वर्षानुवर्षे न बदललेले ब्रेक ऑइल, या सर्वांसाठी ती आधीच राखून ठेवलेली असते. स्वॅपसाठी निवडली जाणारी गाडी बहुधा जुनी असते, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीची सस्पेन्शनची टोके तपासणाऱ्याला कळते की गंगाजळीचा बराच भाग गंजाने कधीच उचलला आहे.

दुसरा आक्षेप, गाडी हलकी असल्याने ब्रेकचे कामही हलके. वस्तुमानाचा फायदा एकपट मिळतो आणि वेगाचा तोटा वर्गाने होतो, हे वर दाखवले आहेच. अधिक बोलण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. कारखानेच एका बॉडीत दोन इंजिने देतात; 2000 मध्ये आलेली मारुती अल्टो 796 सीसी आणि 1061 सीसी अशा दोन्ही रूपांत विकली गेली. मग गॅरेजात तेच केले तर आकाश का कोसळावे? आकाश कोसळत नाही. जो माणूस मोठ्या इंजिनाच्या अल्टोचे ब्रेक, चाके, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन यांसह सर्व संच लहान अल्टोत आणतो, तो तत्त्वतः बरोबर करतो. त्या बॉडीला दोन्ही इंजिने धरून तपासले गेले होते. हा आक्षेप प्रस्तुत प्रतिपादनाला छेद देत नाही, उलट त्याची सीमा आखून देतो : इंजिन स्वॅप तेथेच सुरक्षित असतो जेथे कोणीतरी, कारखान्याने किंवा सक्षम अभियंत्याने, संपूर्ण हिशेब केलेला असतो.

चौथा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे : गाडी माझी, धोका माझा. बंद ट्रॅकवर हे म्हणणे पूर्णपणे मान्य करावे लागेल. सार्वजनिक रस्त्यावर मात्र ब्रेक निकामी झालेल्या गाडीपुढे कोण येईल हे मालक ठरवत नाही, आणि झेब्रा क्रॉसिंगवरील माणसाने या प्रयोगाला संमती दिलेली नसते. शिवाय नोंद न केलेला बदल उघड झाला की विमा कंपनीशी वाद उभा राहतो, आणि त्याची झळ जखमी झालेल्या कुटुंबापर्यंत पोहोचू शकते.

कायद्याची अर्धी दृष्टी

भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 असे सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रातील (आरसी) तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. केरळमधील एका प्रकरणात 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीने, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दर बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली.

या कडकपणामागची चिंता योग्य आहे. तरीही कायदा जो प्रश्न विचारतो तो अपुरा आहे : आरसीवरील तपशील जुळतात का, एवढेच तो पाहतो, गाडी थांबते का, हे विचारतच नाही. त्यामुळे ज्याने ब्रेक, चाके आणि सांगाडा यांसह सर्व काम नीट केले तो, आणि ज्याने रात्रीत भंगारातले इंजिन कोंबले तो, असे दोघे कायद्याच्या लेखी सारखेच ठरतात. आणि दोघेही सारखेच लपून राहत असल्याने चांगल्या कामाची कोणतीही परंपरा तयार होत नाही. ब्रिटनमध्ये एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची सोय आहे. जर्मनीत बदल तज्ज्ञ तपासणीनंतर वाहनाच्या कागदपत्रांत नोंदवले जातात. न्यूझीलंडमध्ये कमी संख्येने बनणाऱ्या आणि बदललेल्या वाहनांसाठी वेगळी प्रमाणन व्यवस्थाच उभी आहे. भारतालाही ही कल्पना परकी नाही, कारण सीएनजीचे संच मान्यताप्राप्त चाचणीनंतर जुन्या गाड्यांत बसवले जातात, आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था 1966 पासून पुण्यात काम करत आहे. जी व्यवस्था इंधन बदलण्याची परवानगी तपासून देते, तिला ब्रेकचे अंतर मोजून इंजिनबदलाची परवानगी देणे अशक्य नाही. बदल करणाऱ्याने शुल्क भरावे, अभियंत्याची सही आणावी, तापलेल्या ब्रेकची चाचणी द्यावी. उत्तीर्ण झाल्यास आरसीवर नोंद व्हावी, अनुत्तीर्ण झाल्यास गाडी रस्त्यावर येऊ नये.

कामाचा क्रम

तशी वाट निघेपर्यंत हलक्या गाडीत मोठे इंजिन बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाने कामाचा प्रचलित क्रम उलटा करावा. आधी सांगाड्यावरचा गंज खरवडून पाहावा आणि सस्पेन्शनची टोके बळकट करावीत. मग मोठ्या इंजिनाच्या मूळ गाडीचे ब्रेक, चाके व गिअरबॉक्स आणावेत. या साऱ्यानिशी जुन्याच इंजिनावर गाडी काही महिने चालवावी, लागोपाठ ब्रेक दाबून ती किती अंतरात थांबते हे मोजावे, आणि इंजिनाची क्रेन सर्वांत शेवटी मागवावी. पैसे अर्ध्यावर संपले, आणि अशा कामात ते बहुधा संपतातच, तर या क्रमाने हाती उरते ती चांगली थांबणारी लहान गाडी, उलट क्रमाने उरते ती न थांबणारी वेगवान गाडी. काम पूर्ण झाले, तर ती गाडी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर न्यावी. सध्याच्या कायद्यात तिला मोकळेपणाने धावण्याची जागा तिथेच आहे.